आईलाही आत बसू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर होता, लेथ मशीनवर काम करायचा. ड्रॉइंग हातात पडलं की जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर कसा धरायचा, आधी कुठला कट घ्यायचा, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. पंचविशीच्या आतच त्याला स्किझोफ्रेनिया झाला. कुणी नसताना कानात ऐकू येणारे आवाज गोळ्यांनी बरेच शांत झाले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा कामावर जाईल.

पण या आजारात लक्ष टिकत नाही, एकापुढे एक करायच्या गोष्टी डोक्यात राहत नाहीत आणि उठून सुरुवात करायची ऊर्मीच जाते. गोळ्यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. भाऊ चहा ठेवतो आणि उतू जाईपर्यंत शेजारीच उभा असतो. अंघोळीला जा म्हटलं की जातो; पण पाणी घे, साबण लाव, कपडे बदल, हे आईला दाराबाहेरून सांगत राहावं लागतं. गल्लीत त्याला आळशी म्हणतात. दिवाळीच्या तोंडावर रात्रपाळी मागून घेणारा मुलगा होता तो. फार लागतं मनाला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबी पाहतात. आजार किती वर्षांचा, तेही धरतात. ४० टक्के दिव्यांगत्व भरलं तरच पुढच्या बऱ्याच सवलती. ही पद्धत मला योग्यच वाटते. भावाची तपासणी मात्र घाईत आणि कन्नडमध्ये झाली. भावाला कन्नड येतं, कारखान्यात तो बोलायचा. आता दुसऱ्या भाषेत उत्तर जुळवताना तो थकतो आणि ‘हौदु’ (हो) म्हणून मोकळा होतो. अंघोळ करतोस? हौदु. जेवतोस? हौदु. यात खोटं काहीच नाही. पण आईनं सांगायचं थांबवलं तर यातलं काय होईल, हे कोणी विचारलं नाही. ती बाहेर बाकावर बसून होती.

तपासणीला सोबत राहणाऱ्या माणसाला आत घ्या, त्याचं म्हणणं लिहून घ्या, गरज असेल तिथे मराठीत विचारा. आणि उद्यमबागेतल्या मालकांना विनंती आहे: अशा मुलांना अर्धा दिवस, एका वेळी एकच काम देऊन बघा. भाऊ व्हर्निअरवर माप आजही बरोबर घेतो.

आपली,
एक बहीण, वडगाव, बेळगाव