कॅपिटल आय दोनदा लिहिणाऱ्याकडून

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

त्या दुपारी तुम्ही निघालात तेव्हा मी स्क्रीनवरची नजरही न काढता "थँक्यू हं" एवढंच म्हणालो. ते तेव्हापासून डाचतंय. म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण खोलीतला उजेड कॉम्प्युटरवर काढणाऱ्या रेडियन्स या प्रोग्रामची, दुसऱ्याने कधीतरी बनवलेली ऑप्शनची (म्हणजे सेटिंगची) फाइल डोळे झाकून वापरणारा मी एकटाच नसणार.

मी तुमच्याकडे आलो तो एक्सेलची शीट घेऊन. एक खोली, टेबलाच्या उंचीवर म्हणजे ०.७५ मीटरवर बिंदूंची जाळी, आणि रेडियन्सच्या आरट्रेस या किरण सोडून मोजणाऱ्या कमांडने दिलेले आकडे. तीन रंगांची आउटपुट ०.२६५, ०.६७० आणि ०.०६५ ने गुणून बेरीज, मग गुणिले १७९, झाले लक्स, म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप. एवढं गणित मी नीट केलं होतं आणि त्याचाच मला फार अभिमान होता. उत्तर येत होतं पन्नासच्या आसपास. खोलीत उजेडच नाही, खिडक्या वाढवायला सांगू या, असा माझा निष्कर्षही लिहून तयार होता!

तुम्ही निष्कर्ष वाचलाच नाहीत. शीटवर बोट ठेवून विचारलंत, "खिडकीपाशी आणि मागच्या भिंतीपाशी यात एवढाच फरक?" मी म्हणालो, खोली लहान आहे. तुम्ही म्हणालात, "छत काळं करून बघ."

मला वाटलं, गंमत करताय. पण छताचं मटेरियल काळं केलं, ऑक्ट्री (सीनची तयार फाइल) नव्याने बनवली, रन मारला, आणि सगळे आकडे शून्यावर. खिडकी उघडी, बाहेर आकाश लख्ख, आणि खिडकीला चिकटलेल्या टेबलावरही शून्य. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. (हा शब्द इथे जरा महाग पडतो, पण असो.) मी टेबलावर पडणारा उजेड मोजतच नव्हतो. टेबलावरून वर बघितलं तर छत किती उजळ दिसतं, ते मोजत होतो. इनपुटच्या ओळीत तीन आकडे जागेचे आणि तीन दिशेचे असतात. माझी दिशा होती ० ० १, सरळ वर. कॅपिटल आय (-I) हे ऑप्शन चालू असेल तर आरट्रेस त्या दिशेला पृष्ठभागाचा रोख समजतो आणि तिथे येणारा सगळा उजेड मोजतो. बंद असेल तर त्या दिशेने एक किरण सोडतो आणि जिथे आपटेल तिथली उजळता परत आणतो. आकडा दोन्ही वेळा येतो, आणि दोन्ही वेळा खराच वाटतो.

"पण मी आय दिलंय," मी कमांड दाखवून म्हणालो. खरंच दिलं होतं. तुम्ही ती कमांड उचललीत, ऑप्शनच्या शेवटी "-डिफॉल्ट्स" जोडलंत आणि एंटर मारलंत. कुठलंही ऑप्शन कमांडवरून आलेलं असो की फाइलमधून, सगळं वाचून झाल्यावर प्रोग्रामच्या मते काय काय लागू आहे त्याची यादी समोर आली. तीत कॅपिटल आय चालू असल्याची ओळ नव्हती.

मग तुम्ही ती ॲट-चिन्हाने ओढून घेतलेली ऑप्शनची जुनी फाइल उघडलीत. तिच्यात कॅपिटल आय आधीच होता. आणि मी, सावधगिरी म्हणून, कमांडवर तो पुन्हा लिहिला होता. नुसता लिहिला तर हा स्विच उलटतो: बंद असेल तर चालू, चालू असेल तर बंद. दोनदा दाबलेल्या बटणाने दिवा विझवला होता. पुढे अधिकचं चिन्ह लावलं तर तो नेहमी चालूच होतो, वजाचं लावलं तर बंद. हे मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. मी मॅन्युअल उघडलं होतं ते फक्त -एबी, म्हणजे उजेडाच्या उड्या, किती ठेवायचं ते बघायला.

पुढे एक अधिकचं चिन्ह. खिडकीपाशी चारशेच्या वर, मागे चाळीसच्या आत. खोली जशी असायला हवी तशी.

माणूस इथे थांबला असता. तुमचा चहा गार झाला होता, तरी तुम्ही विचारलंत, "आणखी काय अडलंय?" तेव्हा मी लूव्हरपाशी, म्हणजे ऊन अडवणाऱ्या पट्ट्यांपाशी, पडणारे डाग दाखवले. छतावर पांढरे-काळे ठिपके, वाळवी लागल्यासारखे. त्यांच्यासाठी मी -एबी ५ चं ८ केलं होतं, -एडी (एका ठिकाणाहून सोडायचे किरण) १०२४ चं ४०९६, आणि रात्रभर रन लावून ठेवला होता. सकाळी डाग जिथल्या तिथे.

-एबीबद्दल तुम्ही एका पाठकोऱ्या कागदावर खोलीचा छेद काढलात आणि टेबलापासून उलटं मोजायला लावलंत, कारण किरण तिथूनच निघतो. टेबलावरून छत, एक. छतावरून लाइट शेल्फ (उजेड छताकडे टाकणारी खिडकीची फळी), दोन. शेल्फवरून आकाश, तीन. म्हणजे शेल्फने छताकडे टाकलेला आकाशाचा उजेड टेबलापर्यंत आणायचा तर निदान तीन उड्या हव्यात. आणि शेल्फवर ऊन असेल तर दोनच पुरतात, कारण सूर्य हा थेट स्रोत, त्याची चौकशी प्रत्येक पृष्ठभागावर वेगळी होतेच. पूर्वी -एबी शून्य ठेवून ढगाळ आकाशाचा रन टाकला की खोली काळीठिक्कर का निघायची, तेही त्या कागदावरच कळलं: आकाश ग्लो म्हणून, म्हणजे थेट स्रोतांत न धरलेला उजळ पृष्ठभाग म्हणून, दिलेलं असतं, पहिली उडी मारल्याशिवाय ते सापडतच नाही. किती वर्षं मी -एबी म्हणजे "क्वालिटी" समजत होतो! -एडीचं तर एका वाक्यात आटपलंत: चौपट किरण सोडा, चूक निम्मी होते, पैज लावायची तर वेळेची लावा.

पण डागांचं कारण दोन्हींत नव्हतं. तुम्ही विचारलंत, "सीन केवढा आहे?" मी म्हणालो, आठ मीटरची खोली. तुम्ही ऑक्ट्रीवर गेटइन्फो ही फाइलची माहिती दाखवणारी कमांड चालवलीत, -डी लावून. सगळा सीन मावणाऱ्या घनाची बाजू चारशे मीटर. बाहेरच्या जमिनीसाठी मी एक भलीमोठी चकती ठेवली होती, दिसायला बरी म्हणून.

मग ते गणित. परावर्तित उजेड रेडियन्स दर बिंदूपाशी नव्याने मोजत नाही. काही ठिकाणी मोजून साठवतो आणि मधल्या जागा त्यांवरून भरतो. ग्रेग वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती १९८८ साली मांडली, आणि तिच्याविना हे काम त्या काळच्या मशीनवर झालंच नसतं, असं तुम्ही म्हणालात. साठवलेले बिंदू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात याला मर्यादा असते: सीनचा आकार गुणिले -एए (अचूकता) भागिले -एआर (रिझोल्यूशन). माझं -एए ०.१, -एआर २५६. चारशे गुणिले ०.१ भागिले २५६, म्हणजे साधारण सोळा सेंटिमीटर. आणि माझ्या लूव्हरच्या पट्ट्या दहा सेंटिमीटरवर! पट्ट्यांमधला फरक धरायला प्रोग्रामला मी जागाच ठेवली नव्हती, आणि वर किरण चौपट करून त्याला रात्रभर राबवलं होतं.

तुम्ही चकती साठ मीटरवर आणलीत. अंतर अडीच सेंटिमीटरच्या आत आलं. "-एआर वाढवूनही झालं असतं," तुम्ही म्हणालात, "पण एवढी जमीन तुला हवीच कशाला? क्षितिजापलीकडचं खालचं अर्धं ग्लोने झाकलेलं आहे की." -एबी ५ वर, -एडी १०२४ वर परत नेलं. जेवणाच्या सुट्टीत रन संपला. छत साफ.

मॅडम, तुम्ही मला तुमची ऑप्शनची फाइल देऊ शकला असतात. मी मागितलीही होती, आठवत असेल. दोन मिनिटांचं काम होतं आणि तुमची दुपार वाचली असती. तुम्ही म्हणालात, "माझी फाइल माझ्या खोल्यांसाठी आहे," आणि खुर्ची ओढून बसलात. त्या खुर्ची ओढण्याबद्दल आभार. आणि माझ्या तयार निष्कर्षाला हसला नाहीत त्याबद्दलही. तो खोडून टाकलाय. खिडक्या आहेत तेवढ्याच राहतील.

छेद काढलेला तो कागद माझ्या मॉनिटरला चिकटवलेला आहे. परत मागू नका.

आपला,
कॅपिटल आयपुढे आता न चुकता अधिक लावणारा

ता.क. परवा छताचा रंग बदलला तरी आकडे हलेनात. पूर्वी असतो तर पुन्हा -एबी वाढवलं असतं. यावेळी आधी गेटइन्फोने -एएफची, म्हणजे साठवलेल्या उजेडाची, फाइल पाहिली. जुन्याच छताचा साठवलेला उजेड होता. फाइल उडवली, रन नव्याने टाकला. -एव्हीबद्दल (न मोजता सगळीकडे धरायचा ठरावीक उजेड) मात्र तुम्ही "ते नंतर" म्हणाला होतात. मी तोवर शून्यावर ठेवलंय.