प्रदर्शनाची बातमी प्रदर्शन संपल्यावर नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारच्या आपल्या अंकात सातारा शहरातल्या एका चित्र आणि सिरॅमिक प्रदर्शनाची बातमी आली. सोबत समई लावतानाचा फोटो आणि खाली मान्यवरांची नावं. मी मोजली, अकरा होती. चित्रकाराचं नाव शेवटच्या ओळीत सापडलं. मातीकाम करणाऱ्या मुलीचं नावच नव्हतं. भिंतींवर काय लावलं होतं, टेबलांवर काय मांडलं होतं, याबद्दल एक अक्षर नाही. आणि प्रदर्शन शुक्रवार ते रविवार असं तीनच दिवसांचं, म्हणजे बातमी वाचून कुणाला जावंसं वाटलं असतं, तरी दालनाला तोवर कुलूप लागलेलं होतं.

मला ते बघायला मिळालं ते निव्वळ योगायोगानं. रविवारी संध्याकाळी आहेराच्या खरेदीला मोती चौकात गेले होते. परतताना दाराशी लावलेला छोटा फ्लेक्स दिसला आणि पिशव्या घेऊन तशीच आत शिरले. आत आम्ही चौघंच. अभिप्रायाची वही उघडी होती. उद्घाटनाच्या दिवशी दोन पानं भरलेली, शनिवारी पाच-सहा ओळी, रविवारचं पान कोरं.

समोरच एक मोठं चित्र होतं. लांबून नुसता काळा आणि करडा रंग, मधे कुठेतरी विटकरी. खरं सांगायचं तर पुढे जाणार होते. पण बसायला तिथेच एक बाक होता. पाच मिनिटं टेकले, आणि हळूहळू लक्षात आलं की हा वणव्यानंतरचा उतार आहे. दर उन्हाळ्यात अजिंक्यताऱ्यावर आपण हेच तर बघतो. गवत जळून गेल्यावर जमिनीवर उरणाऱ्या त्या रेषा, मधेच न जळता राहिलेला एखादा पट्टा. चित्रात ना किल्ला होता ना झाड, तरी साताऱ्याच्या माणसाला ओळख पटावी असं ते होतं. चित्रकार एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवतो. म्हणाला, वर्षभर रविवारी-रविवारी काम केलं.

मातीच्या भांड्यांजवळ मात्र मी तासभर होते, कारण माझं माहेर कुंभाराचं. आई बेंदराला मातीचे बैल करायची, संक्रांतीला सुगडी, उन्हाळ्यात माठ. माती चाळायची, तिच्यात राख आणि घोड्याची लीद मिसळायची, पायानं तुडवायची. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, शेणी आणि पाचट रचून भाजायची. असा उघडा आवा साधारण ७००-८०० अंशांपर्यंत तापतो, म्हणून माठाला बारीक छिद्रं राहतात आणि पाणी झिरपून गार होतं. या मुलीची माती वेगळी आणि भट्टीही वेगळी. भांडं आधी हजारेक अंशांवर भाजायचं, मग वर ग्लेझ चढवून पुन्हा १२०० अंशांच्या पुढे न्यायचं. एवढ्या आचेला माती दगडासारखी घट्ट होते, थेंब झिरपत नाही. ग्लेझ म्हणजे शेवटी काचच. आमच्या घरी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता, त्याच्या काचेला जशी खालच्या कडेशी हिरवट झाक होती, तशीच मला तिच्या एका वाडग्यात दिसली.

तो वाडगा तिनं माझ्या हातात दिला. ग्लेझ ओघळत येऊन बुडाच्या बोटभर वर थांबलेलं, त्याखाली उघडी, खरखरीत माती, आणि कडेला अंगठ्याचा एक ठसा. मी सवयीनं टिचकी मारली. घंटेसारखा नाद आला. आई गिऱ्हाइकाला माठ देताना असाच वाजवून द्यायची.

किंमत आठशे रुपये. माझ्यासमोरच एक गृहस्थ म्हणाले, एवढ्यात चार माठ येतील. ती काही बोलली नाही, म्हणून मी इथे सांगते. ओली माती वाळून-भाजून साधारण १० ते १२ टक्के आकसते. सगळीकडून सारखी आकसली नाही की तडा जातो, कधी पहिल्या भाजणीत, कधी दुसऱ्या. भट्टीतून निघालेलं सगळंच विकण्याजोगं नसतं. त्या आठशे रुपयांत फुटलेली भांडीही असतात. बातमीत हे चार ओळींत आलं असतं, तर त्या गृहस्थांनी तो वाडगा निदान उचलून तरी पाहिला असता.

चित्र बघण्याची हौस साताऱ्याला नाही, असं मला कुणी सांगू नये. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उघडलेलं भवानी संग्रहालय यमाईच्या डोंगरावर, देवीच्या वाटेवरच आहे. ते स्वतः चित्रं काढणारे राजे. लहानपणी आईबरोबर यमाईला गेलं की आम्ही तिथे जायचोच. राजा रविवर्म्याची चित्रं आईनं तिथेच पाहिली. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्पही तिथे आहे. तेव्हा आम्हाला ते नाव ठाऊक नव्हतं, पण आई त्याच्यापुढे दर वेळी थांबायची. कुणी समजावून दिलं नव्हतं. वाटेत होतं, म्हणून दिसलं.

शहरातलं दालन वाटेत नसतं. तिथे काय चाललंय हे कळवायला वर्तमानपत्रच लागतं. दालन दिवसाच्या भाड्यानं घ्यावं लागतं, त्यामुळे तीन दिवसांपेक्षा जास्त या मुलांना परवडत नाही, हेही समजतं. म्हणूनच विनंती एवढी आहे: 'आजचे कार्यक्रम' या सदरात प्रदर्शनाची तारीख, वेळ, ठिकाण दोन दिवस आधी छापा. पाहुण्यांच्या फोटोऐवजी एका चित्राचा किंवा एका भांड्याचा फोटो द्या. आणि कलावंतांची नावं पहिल्या ओळीत घ्या.

रविवारी मी दालनातूनच गावी भावाला फोन केला. तो अजून माठ करतो. म्हटलं, आत्ता निघ, आठपर्यंत उघडं आहे. तो म्हणाला, "ताई, आवा लावलाय, सोडून कसा येऊ?" ती मुलगी दिवाळीनंतर पुन्हा प्रदर्शन भरवणार आहे. दोन दिवस आधी कळलं, तर तो आवा पुढे ढकलून येईल.

आपली नम्र,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा