चिमुकल्या कार्यशाळेतल्या हातोड्याबद्दल आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

खासगीत आभार मानले असते, तर आपण ‘त्यात काय एवढे’ म्हणून विषय एखाद्या स्क्रूकडे वळवला असता, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे. खेळण्यातल्या वाफेच्या इंजिनावर चालणारी ती चिमुकली कार्यशाळा, म्हणजे एक लाइन शाफ्ट (सगळ्या यंत्रांना फिरवणारा मुख्य दांडा) आणि त्यावरून पट्ट्यांनी फिरणारी सहाण, पॉलिशचे चाक, प्रेस आणि हातोडा, माझ्या हाती आली तेव्हा तिच्यातले एकही यंत्र धड चालत नव्हते. इंजिन कमजोर आहे, मोठे इंजिन आणावे, असे माझे निदान होते. आपण इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. सगळे पट्टे काढायला लावून प्रत्येक शाफ्ट बोटाने फिरवून पाहायला सांगितलेत. बोट सुटताच जो शाफ्ट जागीच थांबतो, तो इंजिनालाही थांबवणारच, ही गोष्ट मला त्या दिवशी बोटांनी समजली.

त्याआधी मी जो अपराध करायला निघाले होते, तोही येथे कबूल करते. जुना रंग उतरवण्यासाठी यंत्रांचे सांगाडे कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवून ठेवण्याचा माझा बेत होता. हे सांगाडे लोखंडाचे नसून जस्ताच्या मिश्रधातूचे ओतकाम आहेत, जस्ताला आम्ल आणि अल्कली दोन्ही खातात आणि 380 अंश सेल्सिअसच्या आसपास हा धातू वितळू लागत असल्याने तुटलेल्या भागाला बर्नर लावून जोड देण्याचा विचारही सोडून द्यावा, हे आपण अगदी वेळेवर सांगितलेत. सहाणेच्या पायाला पडलेल्या बारीक भेगा पाहून आपण थोडा वेळ गप्प राहिलात, हेही आठवते. ओतताना जस्तात शिशाची भेसळ राहिली, तर धातू आतूनच फुगत आणि तडकत जातो आणि त्यावर इलाज नसतो. तो पाया मी चिकटवला असता, रंगवला असता आणि पुन्हा तडकल्यावर स्वतःलाच दोष देत बसले असते. आपल्या सांगण्यावरून पितळी पट्टीचा नवा पाया केला.

सर्वांत जास्त वेळ लाइन शाफ्टने घेतला. पट्टा ज्या दिशेला ओढतो त्याच दिशेला बेअरिंगची, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो ती, भोके झिजून लंबगोल झाली होती. ती 6 मिमीपर्यंत वाढवून पितळी बुश, म्हणजे भोकात बसणाऱ्या नळ्या, बसवाव्यात, पण हातोडीने ठोकू नयेत, कारण ओतकाम तडकते, तर व्हाइसच्या पकडीत हळूहळू दाबाव्यात. आणि दोन्ही बुश जागेवर बसल्यानंतरच 4 मिमीचा रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) एका दमात दोन्हींतून पार न्यावा, म्हणजे भोके आपोआप एका रेषेत येतात, ही युक्ती मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडली नव्हती. आपण मला रीमर दिलात, पण स्वतः हात लावला नाहीत. तेव्हा थोडा राग आला होता.

आट्यांची गोष्ट लहान असली, तरी नवख्यांच्या उपयोगाची आहे. बर्मिंगहॅमच्या मामोडसारख्या जुन्या ब्रिटिश यंत्रांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे भेटतात, तर विलेस्कोसारख्या जर्मन यंत्रांत मेट्रिक. 6 बीए स्क्रूचा व्यास 2.8 मिमी, पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, 0.53 मिमी आणि आट्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश असतो; मी त्या भोकात 3 मिमीचा मेट्रिक टॅप (भोकात आटे पाडणारे हत्यार) घालणार होते, ज्याची पिच 0.5 मिमी आणि कोन 60 अंश. आपण माझ्या हातून टॅप काढून घेतलात. आयुष्यभर शांत राहिलेल्या माणसाच्या मानाने ती कृती फार चपळ होती.

आता हातोड्याविषयी. कॅमने, म्हणजे फिरत्या उंचवट्याच्या चाकाने, उचलून सोडलेला तो हातोडा ऐरणीवर पडतच नव्हता, नुसता हवेत थरथरत राहायचा, आणि मला वाटे की स्प्रिंग हवी. आपण कागद पुढे ओढून हिशेब मांडलात : 10 मिमी खाली पडायला सुमारे 0.045 सेकंद लागतात. कॅम मिनिटाला 1000 फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला मिळतात 0.06 सेकंद, आणि त्यातच उचलणेही आले. हातोड्याला पडायला सवडच मिळत नव्हती. इंजिनाच्या 12 मिमीच्या पुलीवरून लाइन शाफ्टवरच्या 36 मिमीच्या पुलीकडे आणि पुढे हातोड्यापाशी पुन्हा तिप्पट, असा दोन टप्प्यांत वेग नवव्या हिश्शावर आणल्यावर कॅम मिनिटाला सुमारे 110 फेरे घेऊ लागला, आणि घर्षणात जाईल तेवढे वजा करता पिळाचे बळही नऊपट झाले. आता हातोडा सावकाश उठतो, क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि टण्‌कन पडतो. तो आवाज ऐकण्यासाठी मी विनाकारण बॉयलर पेटवते.

मूळ पुल्या आपल्या सूचनेप्रमाणे तेल लावून, चिठ्ठी घालून, डबीत ठेवल्या आहेत. पायाला एकही नवे भोक पाडलेले नाही, त्यामुळे पुढे कोणाला यंत्र पूर्ववत करावेसे वाटले, तर ते अर्ध्या तासाचे काम आहे. इंजिनातून उडणारे तेलकट पाणी यंत्रांवर येऊ नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा लावला आहे आणि सिलिंडरचे जाड तेल शाफ्टला देण्याची चूक पुन्हा केलेली नाही.

आपल्या शनिवारच्या कितीतरी दुपारी मी घेतल्या आणि आपण एकदाही घड्याळाकडे पाहिले नाहीत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. रीमर तेलाच्या कागदात गुंडाळून सोबत पाठवत आहे. त्याची धार शाबूत आहे. तो फक्त पुढच्या दिशेनेच फिरवला, एकदाही उलटा नाही.

आपली कृतज्ञ,
हातोडावाली शिष्या