बायपासचे इंच मोजले, पुढचे कोण मोजणार?

महोदय,

दोन-तीन इंचांच्या छेदातून हृदयाची बायपास, रुग्ण आठवड्यात घरी, अशा बातम्या हल्ली बेळगावात वरचेवर वाचायला मिळतात. माझ्या दाजींची बायपास अशीच, डाव्या बरगड्यांच्या फटीतून झाली. तिसऱ्या आठवड्यात ते भाताच्या बांधापर्यंत चालत जाऊन आले. शेजारच्या काकांचे मात्र छातीचे मधले हाड कापून तारेने आवळलेले. तीन महिने घागर उचलायची नाही, गाडी चालवायची नाही, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. तेव्हा फरक आहेच. साखरवाल्या रुग्णाला तर हाडाच्या जखमेत पू होण्याची धास्तीच उरत नाही. (दाजींच्या बरगड्या दीड महिना ठणकत होत्या, ते बातमीत येत नाही.)

पण गावात आता याला ‘छोटं ऑपरेशन’ म्हणतात, आणि दाजीही गोळ्या चुकवू लागलेत. छेद लहान असला तरी आतले काम तेच. छातीतली मॅमरी धमनी धडधडत्या हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडायची. हे नवेही नाही. १९६४ साली रशियातल्या लेनिनग्राडमध्ये कोलेसॉव या सर्जनने छातीच्या डाव्या बाजूनेच मॅमरी धमनीचा जोड दिला होता. मॅमरीचा जोड १० वर्षांनंतरही दहापैकी साधारण नऊ जणांत चालू असतो. बायपासला पायातून काढलेली शीरही वापरतात; तिचे जवळपास निम्मे जोड तोवर बंद पडलेले असतात.

मग विचारायचे ते हे: तीन ठिकाणी अडथळे असतील तर तिन्ही जोड त्या फटीतून झाले, की एक जोड देऊन बाकीच्यांना स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी)? महिन्याभरात किती दगावले? वर्षाने किती जणांच्या छातीत पुन्हा दुखू लागले? आणि ऐनवेळी किती जणांची छाती पूर्ण उघडावी लागली? या शेवटच्या शक्यतेचे वाक्य आमच्या संमतिपत्रात होते. कागद कन्नड आणि इंग्रजीत. ताईने अंगठ्याजवळची शाई पदराला पुसत सही केली, आणि ते वाक्य भाच्याने घरी आल्यावर वाचून दाखवले.

पुढची अशी बातमी छापण्याआधी आपल्या वार्ताहराने डॉक्टरांकडून हे आकडे मागून घ्यावेत, ही विनंती.

— एक वाचक, येळ्ळूर (ता. बेळगाव)