फावड्याला अर्धा दिवस दिलात, त्याबद्दल आभार

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही शिकवलेलं वापरायची वेळ अजून आलेली नाही आणि येऊही नये. तरीही हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण हिमस्खलन बचावाच्या प्रशिक्षणात खणण्याच्या कामाला एवढा मान देणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही.

आम्हा सगळ्यांचं लक्ष ट्रान्सिव्हरवर, म्हणजे गाडलेल्याचा सिग्नल पकडणाऱ्या यंत्रावर होतं. पडद्यावर बाण दिसतो, आकडा उतरत जातो, शिकायला मजा येते. फावडं मारायला काय शिकायचं, असा एकूण सूर होता. तुम्ही हिशोबच पुढे ठेवलात. सरावलेला माणूस सिग्नल धरून प्रोब (बर्फात खुपसून गाडलेल्याची नेमकी जागा शोधायची लांब सळई) टोचेपर्यंत काही मिनिटांत पोचतो; वेळ खातं ते खणणं. आणि वेळ असतो तरी किती? स्वित्झर्लंडमधल्या 1981 ते 2020 या काळातल्या नोंदींचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचतात. नंतरच्या वीसेक मिनिटांत हा आकडा धाडकन कोसळतो, तो मुख्यतः गुदमरल्यामुळे. उलट माणूस फक्त मीटरभर खाली असला तरी टनभर बर्फ हलवावा लागतो, तोही मऊ नव्हे. घसरून थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की प्लास्टिकचं पातं त्यावरून उडतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पात्याचा आणि लांब दांड्याचा आग्रह तुम्ही का धरत होतात, ते पहिल्या दोन घावांतच कळलं.

प्रोब लागला की तो काढायचा नाही, त्यावरच्या खुणांवरून खोली वाचायची आणि उताराच्या खालच्या बाजूला सरकायचं. प्रोबपाशीच सरळ खाली खड्डा खणावासा वाटतो, पण तसं केलं तर बर्फ टाकायला जागा उरत नाही आणि आपलंच वजन खालच्या माणसाच्या तोंडाजवळच्या हवेच्या पोकळीवर येतं. हिमस्खलन बचावातले स्विस तज्ज्ञ मानुएल गेन्सवाइन यांनी रूढ केलेली व्ही आकाराची रचना तुम्ही आमच्याकडून पुन्हापुन्हा करून घेतलीत. टोकाला एकजण, त्याच्या मागे दोन्ही बाजूंना साधारण 80 सेंटिमीटर अंतरावर बाकीचे. तीव्र उतारावर या व्हीची लांबी गाडलेल्या खोलीइतकी, सपाटीवर दुप्पट. पुढच्याने ठोकळे कापायचे आणि मागच्यांनी ते उचलायचे नाहीत, वल्हं मारावं तसे मधल्या वाटेने मागे ढकलायचे. उचलणं बंद झालं आणि पाठ वाचली! बर्फ आपोआप मागे वाहायला लागला, तेव्हा कुठे तुम्ही पहिल्यांदा हसलात.

जागा बदलण्यावरून मात्र वाद झाला. आमच्यातल्या सगळ्यात दणकट गड्याला टोकावरून हटायचंच नव्हतं. तुम्ही त्याच्याशी हुज्जत घातली नाहीत. साधारण चार मिनिटं झाली की घड्याळ बघून घड्याळाच्याच दिशेने सगळ्यांना एकेक जागा पुढे सरकवत राहिलात. टोकावरच्याने दमल्याचं सांगेपर्यंत थांबायचं नाही, कारण त्याचा वेग आधीच पडलेला असतो. दणकट गडी नंतर कबूल झाला. माझ्या मते ही अदलाबदलच या पद्धतीचा जीव आहे. व्हीचा आकार थोडा वाकडा झाला तरी चालेल, पण ताजे हात टोकाला हवेत.

अंग दिसू लागल्यावर घाई आवरायची, हे सगळ्यात अवघड गेलं. चेहऱ्याजवळ पातं नको, हातांनी बर्फ काढायचा. तोंडासमोर पोकळी होती का, तोंडा-नाकात बर्फ भरला होता का, हे बघून ठेवायचं, कारण डॉक्टरांना ती माहिती लागते. श्वासमार्ग आधी मोकळा करायचा, लगेच छातीवरचा भार काढायचा. श्वास चालू नसेल तर पाय मोकळे होईपर्यंत थांबायचं नाही, तिथेच कृत्रिम श्वास सुरू करायचा.

आता आमचा गट मोसमाच्या सुरुवातीला ट्रान्सिव्हरच्या सरावाइतकाच वेळ खणायच्या सरावाला देतो. कुरकुर होते, पण होतो.

एक विनंती. खणायला दोघंच असतील तर काय, या भागाला त्या दिवशी वेळ कमी पडला. आम्ही बहुधा तिघंच जातो. म्हणजे एक गाडला गेला तर उरतात दोघं. पुढच्या तुकडीला, आणि जमल्यास आम्हालाही परत बोलावून, तेवढं नीट करून घ्या. फावडी आम्ही आणू.

तुमच्या तुकडीतली एक