‘चेक्ड बाय’ची रिकामी चौकट

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं लिखाण पोचलं. ‘आई, सहज वाच, बाहेरच्या देशांतून आलेल्या सगळ्यांकडूनच डिपार्टमेंटने पहिल्या सेमिस्टरबद्दल लिहून घेतलंय’ असं तू वर लिहिलंयस. सहज म्हणून बसले आणि चार वेळा वाचलं. पहिल्यांदा घाईत, दुसऱ्यांदा डिक्शनरी घेऊन. तिसऱ्यांदा बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, दोन परिच्छेद गाळून. चौथ्यांदा फक्त ते दोन परिच्छेद.

छान लिहिलंयस, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढच्या बोलण्यात राहून जाईल. ऑफिस अवर्सच्या किश्शावर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. प्रोफेसरांच्या दारावर ‘ऑफिस अवर्स, मंगळवारी दोन ते चार’ अशी पाटी, आणि तू सहा आठवडे समजत होतीस की या वेळात सर कामात असतात, दार वाजवायचं नाही! मी नाही हसले. मलाही तेच वाटलं असतं. आमच्या साहेबांच्या दारावरची वेळ लोकांना लांब ठेवण्यासाठीच असायची. ती वेळ मुलांनी येऊन शंका विचाराव्यात म्हणूनच राखलेली असते आणि त्या दोन तासांत सर बऱ्याचदा एकटेच बसलेले असतात, हे तुला कळलं सातव्या आठवड्यात. सातव्या. असो.

मेकॅनिक्सच्या मिडटर्ममधल्या ३८ मार्कांबद्दल मी काही बोलणार नाही. वर्गाची सरासरीच ५२ होती आणि ग्रेड कर्व्हवर, म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत ठरते, हे दादाने मला समजावून सांगितलंय. रोलर सपोर्टला, म्हणजे चाकांवरच्या आधाराला तू आडवी रिअ‍ॅक्शन, आडवं रोखणारं बळ दाखवलीस आणि पुढचं सगळं गणित त्यावर रचलंस. रोलर आहे तो, सरकणारच, आडवा अडवेल कशाला? पण परीक्षेच्या घाईत होतं असं. बोलणार नाही म्हटलं ना.

बोलायचंय ते तुमच्या ग्रुप प्रोजेक्टमधल्या त्या ब्रॅकेटबद्दल, त्या धातूच्या आधारपट्टीबद्दल.

चौघांचा ग्रुप, ड्रॉइंग तुझ्याकडे. वर्कशॉपमधून अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा होऊन आला तर भोक भलत्याच बाजूला. तू लिहिलंयस, ‘त्या रात्री तीन वाजेपर्यंत मी लॅबमध्ये एकटीच माझं ड्रॉइंग तपासत होते. प्रत्येक माप बरोबर होतं.’ असणारच गं बरोबर. तू फर्स्ट अँगल पद्धतीने काढलं होतंस, जसं इथे शिकवतात, जसं मी तुझ्याकडून घोटून घेतलं. टॉप व्ह्यू, म्हणजे वरून दिसतं ते, समोरच्या चित्राच्या खाली, आणि डाव्या बाजूने जे दिसतं ते उजवीकडे. तिकडे थर्ड अँगल. टॉप व्ह्यू वर, आणि उजवीकडून दिसतं ते उजवीकडेच. युरोपात आणि आपल्याकडे पहिली पद्धत, अमेरिका, कॅनडा, जपानमध्ये दुसरी. कागद तोच, मापं तीच, पण वाचणाऱ्याने आपल्या सवयीने वाचलं की डावीकडचं भोक उजवीकडे जातं. वर्कशॉपमधला माणूस चुकला नाही आणि एका अर्थी तूही चुकली नाहीस. टायटल ब्लॉकजवळ, कोपऱ्यातल्या नावाच्या चौकटीजवळ, पद्धत कोणती ते सांगणारं त्या छाटलेल्या शंकूचं चिन्ह टाकायचं राहिलं, एवढंच.

मुक्ता, हे माझं क्षेत्र आहे. तुझ्या प्रोग्रॅमिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण ड्रॉइंग ब्रँचमध्ये ३१ वर्षं काढली मी. एक फोन केला असतास तर दोन मिनिटांत सांगितलं असतं.

मी आपले त्या तारखेचे मेसेज काढून बघितले. तुझे रात्रीचे दोन. मी विचारलंय, ‘काय चाललंय?’ तुझं उत्तर, ‘मजेत. झोपतेच आहे.’ पुढे चंद्राचं चित्र. तुझ्या रात्री दोनला इथे भर दुपार असते गं. मी जागी होते, हातात फोन होता, काही काम नव्हतं.

मागच्या आठवड्यात १९०७ सालच्या क्वेबेकच्या पुलाबद्दल वाचत होते. बांधकाम चालू असतानाच खालच्या कॉर्ड, म्हणजे सांगाड्याच्या खालच्या लांब तुळया, वाकायला लागल्या होत्या. साइटवरचा मॅक्ल्यूर नावाचा तरुण इंजिनीअर तो बाक मोजत होता, कळवत होता. शेवटी तो स्वतः न्यूयॉर्कला गेला, सल्लागार कूपर यांना विचारायला. कूपरनी ‘पुलावर आणखी भार टाकू नका’ अशी तार केली, पण ती पुलावर न जाता फिनिक्सव्हिलला, पूल बांधणाऱ्या कंपनीकडे गेली. त्याच दिवशी, २९ ऑगस्टला संध्याकाळी पूल नदीत. ७५ कामगार गेले. म्हणून म्हणते, बाक दिसला की लगेच, त्याच क्षणी…

लिहिता लिहिता लक्षात आलं की हे उदाहरण माझ्यावरच उलटतंय. त्या बिचाऱ्याने विचारलं होतं की. त्याने जाण्याआधी तार केली असती तर, असं मला राहून राहून वाटतं, पण घरात बसून शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला शहाणपण शिकवायला काय जातं. आणि ब्रॅकेट म्हणजे पूल नव्हे. तळहाताएवढ्या तुकड्याला भोक उलट पडलं तर कोणी मरत नाही. माफ कर. बाबा म्हणतात, तू पत्र लिहायला बसतेस आणि परिपत्रक काढतेस.

खरं म्हणजे मला माझीच गोष्ट सांगायची होती. नोकरीचा पहिला महिना, ट्रेसिंग पेपरवर शाईने कालव्याचा छेद काढत होते. लेव्हलचा आकडा चुकीचा धरला आणि सगळी रेघ खाली गेली. शाई खोडायची म्हणजे ब्लेडचा अर्धा तुकडा घेऊन हलक्या हाताने खरवडायचं, मग तिथे खोडरबर घासून कागद गुळगुळीत करायचा, नाहीतर नवी रेघ पसरते. मी जेवणाच्या सुट्टीपासून ऑफिस सुटेपर्यंत खरवडत होते. शेजारच्या बोर्डावर वीस वर्षं नोकरी झालेला माणूस बसला होता, पण विचारलं नाही. विचारलं तर कळेल ना, की हिला येत नाही.

दुसऱ्या दिवशी हेड ड्राफ्ट्समननी ट्रेसिंग खिडकीच्या उजेडात धरलं. खरवडलेली जागा लपत नाही, ढगासारखी दिसते. ते रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. पण त्या दिवसापासून रोज चार वाजता माझ्या बोर्डाशेजारी येऊन नुसते उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘हं?’ मग काहीतरी विचारावंच लागायचं. सुरुवातीला मी शंका आधीच शोधून ठेवायची, हे आले की काहीतरी हवं म्हणून. असं दीड-दोन महिने चाललं असेल. मला विचारायची सवय अशी लागली, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

तुझ्या बोर्डाशेजारी कोण येऊन उभं राहतं, हे मला माहीत नाही. रात्री लिहिताना हे वाक्य खोडलं होतं, सकाळी परत लिहिलंय.

आणि एक. विमानतळावर आत जाताना मी तुला शेवटचं काय म्हणाले, ते मला पक्कं आठवतंय. ‘कुणाला त्रास देऊ नकोस.’ बाबा म्हणतात, असं तर सगळेच म्हणतात. म्हणत असतील. तू मात्र लहानपणापासून माझं जे ऐकायला नको तेच नेमकं ऐकतेस.

कामाचं बोलते. तो गणिताचा कोर्स सोडावा असं तुझ्या मनात होतं, असं त्या लिखाणात ओझरतं आलंय. सोडायचा असेल तर सोड, आमची ना नाही. पण क्रेडिट्स पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या मर्यादेखाली गेली तर व्हिसाचा प्रश्न येतो, म्हणून फॉर्म भरण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन विचार. आधी, नंतर नव्हे. आणि होमवर्क मैत्रिणींबरोबर बसून सोडवलंत तर कोणाबरोबर सोडवलं ते वर लिहा. तिकडे चर्चा चालते, लपवलेली चालत नाही, असं तूच सांगितलं होतंस. तरी परत सांगतेय, ते तेवढं सोडून दे.

बाबांना वाचून दाखवलं त्यातलं शेवटचं पान त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. सेमिस्टरच्या शेवटी तू नव्याने थर्ड अँगलमध्ये ड्रॉइंग काढलंस आणि तुझ्यासारख्याच बाहेरून आलेल्या दोघांना लॅबच्या फळ्यावर दोन्ही पद्धती समजावून दिल्यास, ते पान. बाबा उठून खिडकीशी गेले. आत्याला फोनवर त्यांनी ‘मुक्ता तिकडे शिकवते’ एवढंच सांगितलंय, म्हणजे आत्या आता तुला प्रोफेसर समजते. तिचा फोन आला तर सांभाळून घे.

सोबत जोडलेलं नवं ड्रॉइंग मी मोठं करून पाहिलं. रेघांच्या जाड्या बरोबर आहेत, मापांची गर्दी नाही, शंकूचं चिन्ह जागेवर आहे. ‘ड्रॉन बाय’समोर तुझं नाव. कॉम्प्युटरने लिहिलेलं असलं तरी नाव तुझं, मला आवडलं. आणि त्याच्या खाली ‘चेक्ड बाय’ची चौकट रिकामी. आमच्याकडे त्या चौकटीत सही पडल्याशिवाय कागद टेबलावरून हलायचा नाही, मग काढणारा पंचवीस वर्षांचा जुना का असेना. तिकडे विद्यार्थ्यांना ती भरावी लागत नसेल. नसेलच. पण माझी नजर सारखी तिथेच जाते, त्याला मी काय करू?

ऑक्टोबरात तू विचारलं होतंस, बाबांचा आवाज असा का येतो, तेव्हा मी सर्दी म्हणाले. सर्दी नव्हती. आता बरे आहेत, गोळ्या चालू आहेत, चालायला जातात. रविवारी फोनवर सगळं सांगते. रागाव हवं तर.

तुझी,
आई

ता. क. पहिलं ड्रॉइंग, ते भोक उलटं पडलेलं, टाकून दिलं नसशील तर पाठव. त्या ब्रॅकेटचा फोटोही. मला दोन्ही शेजारी ठेवून बघायचंय. लाल पेन्सिल लावणार नाही. लावलीच तर फिकट लावेन.