आई, तांदूळ धरलास तसं कार्यालयही धरूया

पुणे,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री बोलणं अर्धवटच राहिलं. "तुळशीचं लग्न होऊ दे, मग बघू" म्हणून बाबांनी फोन आईकडं दिला. आईशी इकडचं तिकडचं बोलून मी फोन ठेवला खरा, पण नंतर झोप लागली नाही. बाबांपुढं माझं तोंड उघडत नाही हे तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून लिहून पाठवते. चष्मा लावून निवांत वाचा.

बारकीच्या लग्नाचं कार्यालय आपण गणपतीच्या आधी धरूया. एवढंच मागणं आहे.

बाबा, तुमची अडचण मला कळते. बोलणी झाली, पसंती झाली, पण सुपारी फुटलेली नाही. साखरपुडा दिवाळीनंतर ठरलाय. त्याआधीच कार्यालयाची पावती फाडली तर गल्लीत चर्चा होणार. आणि दुसरी गोष्ट तुम्ही बोलला नाहीत, तरी मला ठाऊक आहे. भात कापून, मळून, विकून हातात पैसा यायला डिसेंबर उजाडतो. त्या दोन्हींबद्दल खाली लिहिलंय. आधी तारखांचं बघा.

तुळशीचं लग्न २ नोव्हेंबरला. त्याआधी २७ ऑगस्टला गणपती. ते गेले की ८ सप्टेंबरपासून पितृपंधरवडा, त्यात तुम्ही शुभकामासाठी उंबरा ओलांडायचे नाही. मग नवरात्र, २ ऑक्टोबरला दसरा, पाठोपाठ दिवाळी. तोवर शिवारात भात पिवळं झालेलं असेल, सुगीला माणसं मिळायची मारामार. म्हणजे तुळशीचं लग्न म्हणता म्हणता डिसेंबरच येणार. डिसेंबरात मे महिन्याचं कार्यालय मागायला गेलो तर लोकांनी सोडलेलं तेवढं आपल्या वाट्याला येईल.

आणि २०२६ साल एरवीसारखं नाही. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात आपल्यात अक्षता पडत नाहीत. त्याच्या अलीकडं डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत शुक्राचा अस्त, त्यातच पौष, तेव्हाही मुहूर्त नाहीत. अधिक संपेपर्यंत पाऊस लागलेला असतो आणि सगळे शेतात अडकलेले. म्हणजे एरवी मेअखेरीला, जूनच्या पहिल्या आठवड्यात होणारी लग्नं सगळी अलीकडं सरकणार आणि एप्रिल-मेच्या थोड्या दिवसांत दाटीनं बसणार.

शिवाय आपली सोयरीक दोन राज्यांतली, आपण कर्नाटकात बेळगावकडचे आणि पाहुणे महाराष्ट्रात गडहिंग्लजकडचे. आपल्याकडच्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते. गडहिंग्लजकडच्या पोरांची शाळा एप्रिल संपेपर्यंत असते. दोन्हीकडची पोरं मोकळी सापडतात ती मेमध्ये. आता मेचे रविवार मोजा: ३ आणि १०. सतराचा रविवार अधिकात गेला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, सगळीकडच्या लग्नघरांचा डोळा त्या दोन रविवारांवर असणार. १९ एप्रिलचा रविवार म्हणजे अक्षय्य तृतीया, तोही सगळ्यांना हवा. पण आपल्याकडं शिवजयंती असते वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे त्याच सुमाराला, आणि तिच्यामागून चित्ररथांची रात्रभर मिरवणूक. शहरातले रस्ते बंद, ढोल-ताशेवाले, लायटिंगवाले, जनरेटरवाले सगळे तिकडं. ते चार-पाच दिवस तर मी मुहूर्त असला तरी सोडून देईन.

खरं सांगू? माझ्या मनात फेब्रुवारी आहे. ऊन नाही, पाण्याची ओढ नाही, सुगी उरकलेली असते. पण पाहुण्यांना मेच सोयीचा असेल तर मे. हट्ट माझा महिन्यासाठी नाही, आत्ता ठरवण्यासाठी आहे.

इतकं का लावून धरलंय, तेही सांगते. माझं लग्न २०१७ च्या मेमध्ये झालं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. बाळंतपणाला आले तेव्हा आईनं एकदा रात्री सगळं सांगितलं. बाबा मार्चमध्ये कार्यालय बघायला निघाले होते. डोक्याला टॉवेल गुंडाळून, त्या जुन्या एम-८० वरून. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, पिरनवाडी. नऊ कार्यालयं पालथी घातली. एका ठिकाणच्या मॅनेजरनं वही उघडून आपलं नाव पेन्सिलीनं लिहिलं आणि "धरून ठेवतो, निवांत या" म्हणाला. चार दिवसांनी बाबा पैसे घेऊन गेले, तर त्या तारखेवर दुसऱ्याचं नाव, निळ्या शाईनं. आपलं नाव खोडरबरानं पुसलेलं होतं, पण पेन्सिलीचे वळ कागदावर तसेच दिसत होते. बाबा भांडले नाहीत. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. बाबा, हे तुम्ही मला आजवर सांगितलेलं नाही. मी मात्र तेव्हापासून विसरलेले नाही.

शेवटी मिळालं त्या कार्यालयात जेवायची जागा म्हणजे तीन बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड. दुसरी पंगत बसली आणि वळीव आला. पाऊस सरळ पडलाच नाही, वाऱ्याबरोबर आडवा आत घुसला. माणसं पत्रावळ्या हातात धरून भिंतीकडं सरकली. आचाऱ्यानं मठ्ठ्याच्या पातेल्यावर परात झाकली. माझ्या सासूबाईंच्या आईनं भिजलेल्या पानातली जिलेबी उचलून खाल्ली आणि "काही होत नाही" म्हणाल्या. आणि बाबा एका हातात छत्री घेऊन, दुसरा हात छातीशी धरून पानापानाला माफी मागत फिरत होते. मी स्टेजवरून बघत होते. शालूत गुंडाळलेली, उठताही येईना. ते मला पुन्हा बघायचं नाही. आणि आता तुमचा तो गुडघाही जिना चढू देत नाही.

म्हणून यावेळी असं करूया. गडहिंग्लजच्या पाहुण्यांना तुम्ही स्वतः फोन करा आणि सरळ सांगा, की पुढच्या साली अधिक येतोय, कार्यालयं मिळणार नाहीत, तारीख आत्ता काढूया, साखरपुडा ठरल्यावेळी होईल. तेही मुलाचं लग्न काढून बसलेत, त्यांनाही हीच काळजी असणार. भटजींकडून एकच मुहूर्त घेऊ नका, चार घ्या. एकच तारीख घेऊन गेलं की मॅनेजर आहे किंवा नाही एवढंच सांगतो. चार घेऊन गेलं की तो वही आपल्याकडं फिरवतो. त्या चारांतले दोन तरी मधल्या वारचे असू देत. गुरुवारी लग्न काढलं म्हणून आपली माणसं यायची राहत नाहीत, आणि मधल्या वारी कार्यालयवालाही नीट बोलतो. मुहूर्त लिहून घेतला की भटजींनाही त्याच दिवशी सांगून ठेवा, त्या तारखेला त्यांनाही दहा ठिकाणची बोलावणी असतील.

काकांच्या मुलाला बरोबर घ्या. बाबा, गाडी त्यानं चालवायची. पैसे द्यायच्या आधी जेवणाची जागा डोळ्यांनी बघून या, स्टेज आणि झुंबर नंतर बघा. छप्पर कसलं, बाजू बंद आहेत का, वारा कुठून येतो. मग पाणी. मेमध्ये राकसकोप धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं, तेव्हा बोअर आहे का, टँकर लागला तर पैसे कुणाचे. भाडं किती तासांचं, हळदीला आदल्या दिवशी किती वाजता किल्ली मिळणार. लाइटबिल भाड्यात, की मीटर बघून वेगळं, जनरेटरचं डिझेल कुणाचं. १८ टक्के जीएसटी आत धरलाय की वरून. आपला आचारी चालतो, की त्यांचाच केटरर घ्यावा लागतो. आणि तारीख बदलावी लागली तर ॲडव्हान्सचं काय. हा शेवटचा प्रश्न विचारायला बाबांना अवघड वाटेल, अशुभ बोलल्यासारखं. तो काकांच्या मुलालाच विचारायला सांगा.

पावती तिथंच घ्या. तारीख, सकाळची वेळ की गोरज, भरलेली रक्कम आणि उरलेली, सगळं तीवर पाहिजे. पावती कन्नडात असेल तर फोटो काढून बारकीला पाठवा, ती वाचून सांगेल. "धरून ठेवतो" म्हणाला तर तिथून उठायचं नाही. पेन्सिल नको.

आई, आता तुझ्याबद्दल. संक्रांतीला आले होते तेव्हा कोठीच्या खोलीत दोन पोती वेगळी बांधून ठेवलेली दिसली. तोंडाला लाल चिंधी बांधलेली. मी विचारलं तर म्हणालीस, "बारकीच्या अक्षतेला." तेव्हा स्थळही आलेलं नव्हतं. नवा तांदूळ पंगतीला चालत नाही, त्याचा गचका होतो. जुना झाला की शीत न् शीत मोकळं राहतं, भात दुपटीनं फुगतो. हे तुला आजीनं शिकवलं आणि तू ते न बोलता करून ठेवलंस. मधून मधून उन्हात घालतेस, निंबाचा पाला बदलतेस. बाबा, त्या दोन पोत्यांनी सुपारी फुटायची वाट बघितली नाही, आणि त्यात घरात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. कार्यालयही तसंच समजा. गल्लीत कुणी विचारलं तर सांगा, थोरलीनं हट्ट केला.

कार्यालय झालं की लगेच आचारी. आपल्या गावच्या आचाऱ्याच्या हातची आमटी पाहिजे असेल तर त्याला आठ दिवसांत गाठा. एका दिवशी तो एकाच लग्नाला उभा राहतो. मेनू, सामानाची यादी, बेळगावच्या रविवार पेठेतली खरेदी सगळं नंतर. आत्ता फक्त तारीख आणि हातावर इसार. फोटोवाल्याचं मी बघते, दिवाळीच्या आत. वाजंत्रीला संक्रांतीपर्यंत वेळ आहे. खुर्च्या, फुलं, गाड्या यांची घाई नको. एक नाही तर दुसरा मिळतो, त्यांच्यासाठी आत्ता बाबांनी पाय झिजवू नयेत. बस्ता मात्र शहापूरलाच बांधायचा, आईला घेऊन, आणि लग्नाच्या किमान दोन महिने आधी. साड्या तासाभरात होतात, ब्लाउज शिवून मिळायला महिना जातो.

पाहुण्यांना एक आठवण करून द्या. वऱ्हाडाची बस महाराष्ट्रातली असणार आणि हद्द ओलांडून येणार. बसला अखिल भारतीय पर्यटन परवाना आहे का ते त्यांनी ठरवतानाच विचारावं, नसेल तर तात्पुरता परवाना काढून निघावं लागतं. नाहीतर मुहूर्त इकडं आणि वऱ्हाड नाक्यावर. मुंबईच्या आत्यांना आणि बेंगळुरूच्या मामांना तारीख तोंडी लागलीच कळवा, पत्रिकेची वाट बघू नका. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलंय. मेच्या लग्नाला मार्चमध्ये खिडकी उघडते आणि सुट्टीचे दिवस म्हटल्यावर लगेच भरून जाते. त्या दिवशी सकाळी मी इथून सगळ्यांची तिकिटं काढीन, फक्त नावं आणि वयं लिहून पाठवा.

आता पैशाचं. बाबा, ॲडव्हान्स मी भरते. रागावू नका, पुढं वाचा. पावती तुमच्या नावानं फाडायची. पैसे मी काकांच्या मुलाच्या खात्यावर टाकते, तो तिथंच भरेल. सुगी झाल्यावर तुम्हाला परत द्यायचे असतील तर द्या, मी घेईन, नाही म्हणणार नाही. माझ्या लग्नात तुम्ही कुणाकडून किती घेतलं होतं हे मी कधी विचारलं नाही. यावेळी कुणाच्या दारात जाऊ नका, एवढं माझं ऐका. जावयांनाही हे सांगितलंय, त्यांनीच आधी विषय काढला होता.

बारकीला यातलं काही बोलू नका. तिला वाटेल तिच्यामुळं ओढाताण होते. परवा फोनवर "ताई, साधंच करूया ना" म्हणत होती. साधंच करूया. पण तिच्या पंगतीवर पाऊस पडायला नको.

मी २६ तारखेला रात्रीच्या गाडीनं निघते, गणपतीला सकाळी घरात. त्याआधी भटजींकडून चार मुहूर्त घेऊन ठेवा आणि पाहुण्यांना फोन करा. शुक्रवारी रात्री मी फोन करते. तेव्हा बाबांनीच बोलायचं, फोन आईकडं द्यायचा नाही.

आई, गुडघ्याच्या तेलाची बाटली पाठवलीय, रात्री बाबांना लावून दे. पोरं आजोबांची आठवण काढतात.

तुमची,
थोरली